करवंदीची लागवड : बरड माळास व बांधास जिवंत पांघरूण

प्रत्येक शेतकऱ्याच्या शिवारात दोन प्रकारची जमीन असते. एक, जीत पीक उभे राहते ती. आणि दुसरी, जीत पीक नसते, परंतु जिच्या आधारावर पहिली टिकून राहते ती. बांध, धुरे, ओढ्यांचे व लवणांचे काठ, पाणंदीच्या कडा, शेतालगतचा बरड माळ आणि गावचे गायरान ही सर्व दुसऱ्या प्रकारात मोडतात. पहिल्या जमिनीविषयी बी कोणते घ्यावे, खत किती द्यावे, फवारणी केव्हा करावी, याची चर्चा नित्य चालू असते. दुसरीकडे मात्र, बांध कोरून एखादे तास अधिक कसे काढता येईल, एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या उपेक्षित जमिनीसंबंधी, आणि तिच्यावर घालण्यास योग्य अशा एका घरच्याच झुडपासंबंधी, आम्ही काही विचार वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते झुडूप म्हणजे करवंदी होय.

आपला प्रदेश आणि त्याची उघडी पाठ

लातूर जिल्हा बालाघाटाच्या पठारावर वसला आहे. मांजरा, तेरणा, तिरू या नद्या व त्यांस मिळणारे असंख्य ओढे त्याचे उतार धुऊन नेतात. नांदेड जिल्ह्यात मधून गोदावरी वाहते आणि उत्तरेस पैनगंगेचा काठ आहे. किनवट व माहूर या बाजूस सागवानाचे रान अद्याप शिल्लक आहे. परंतु दक्षिणेकडे कंधार, मुखेड, देगलूर या भागांत उतरत आले म्हणजे माळ उघडे पडत जातात. लातूर जिल्ह्यात तर वनाच्छादन शेकडा एकाहूनही कमी आहे. नांदेडास वर्षाकाठी सरासरी सुमारे ९०० मिलिमीटर व लातुरास सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा काही अल्प नव्हे. परंतु त्यातील बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि त्यातही थोड्याशा दिवसांत मोठाल्या सरींनी कोसळतो, हेच आपल्या अडचणीचे मूळ आहे.

एक इंच पाऊस एका एकरावर पडला, तर त्याचे पाणी सुमारे एक लाख लिटर भरते. जमिनीवर काही पांघरूण असेल, तर हे पाणी पानांवर फुटून, देठांवरून ओघळून, पाचोळ्यात अडून सावकाश खाली मुरते. पांघरूण नसेल, तर प्रत्येक थेंब हातोडीप्रमाणे मातीवर आदळतो, बारीक कण उडवितो, तेच कण मातीची छिद्रे बुजवितात, आणि मग मुरावयाचे पाणी वाहावयास लागते. अशा वाहत्या पाण्याबरोबर एका एकरातून केवळ एक मिलिमीटर, म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याच्या चौथ्या हिश्शाएवढा, थर गेला, तरी ती माती सुमारे पाच टन होते. डोळ्यांस न दिसणारा हा तोटा कोणत्याही खात्यात मांडला जात नाही.

ती माती जाते कोठे? ओढ्यातून तलावात व तलावातून धरणात. पुढे धरणे गाळाने भरली, की तोच गाळ उपसून पुन्हा शेतात नेऊन टाकावा लागतो. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाची योजनाच हाती घेतली. योजना चांगली आहे; परंतु आपल्याच शेतातून फुकट गेलेली माती डिझेल जाळून परत आणणे हा सौदा महाग आहे, हे कोणीही कबूल करील. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते वृद्ध अजून आपणांत आहेत. आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूर शहरास पाणी आणावे लागले, ते तर आपण सर्वांनीच पाहिले. पाणी मुरण्याची जागा उघडी पडली, की विहिरी आटण्यास फारसा काळ लागत नाही.

मेलेला काटा आणि जिवंत काटा

माळ उघडे पडण्याची कारणे पुष्कळ आहेत. चराई आहे, सरपण आहे, माळ फोडून वहितीत आणणे आहे. परंतु एका कारणाचा उच्चार क्वचित होतो, तो येथे करणे जरूर आहे. आपल्याकडे कुंपण घालावयाचे म्हणजे बोराटीच्या, बाभळीच्या, हिवराच्या फांद्या तोडून आणावयाच्या आणि शेताच्या कडेस रचावयाच्या, अशी जुनी रीत आहे. हा काटा एक-दोन पावसाळ्यांत कुजतो, वाळवी त्यास खाते, उरलेला चुलीत जातो. आणि पुन्हा कोयता घेऊन माळाकडे धाव घ्यावी लागते. एका शेताच्या रक्षणासाठी दर साल माळाचे थोडे थोडे कातडे सोलले जाते, आणि माळ सोलला गेल्याने वरून येणारे पाणी त्याच शेतात अधिक जोराने शिरते. मेलेल्या काट्याचे कुंपण दर वर्षी आपल्यापासून काही घेते. जिवंत काट्याचे कुंपण पहिली तीन-चार वर्षे काही मागते, व पुढे पिढीभर देत राहते. आमच्या सर्व म्हणण्याचे सार एवढेच आहे.

जिवंत कुंपणाची कल्पना नवी नाही. इंग्रजी अमदानीत मिठावरील जकात चुकवून कोणी माल नेऊ नये म्हणून उत्तर व मध्य हिंदुस्थानातून शेकडो मैल लांबीची काटेरी झाडांची ओळ सरकारने वाढविली होती. तिचे एक टोक बऱ्हाणपुराकडे येत असे. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांनी भाग घेतला, ते ह्यूमसाहेब १८६७ पासून काही वर्षे या जकात खात्याचे मुख्य अधिकारी होते. त्या कुंपणात बाभूळ, बोर व निवडुंगाच्या जातीची झाडे यांबरोबर करवंदीही लावली होती. १८७९ साली ती जकातीची रेषा मोडली गेली, हे लोकांच्या दृष्टीने इष्टच झाले. परंतु माणसास व गुरास अडविण्याची करवंदीची शक्ती त्या काळीही पारखली गेली होती, एवढे त्यावरून दिसून येते. गरिबाचे मीठ अडविण्यास जी वापरली गेली, ती गरिबाची माती अडविण्यास आपण का वापरू नये?

झुडपाची ओळख

करवंदी ही कण्हेर, तगर व रुई यांच्या कुळातील होय. फांदी मोडली असता पांढरा चीक येतो, ही त्या कुळाची खूण आहे. पाने समोरासमोर, जाड, वरून चकचकीत व गर्द हिरवी असतात आणि बाराही महिने झाडावर राहतात. वैशाखात साग पर्णहीन झालेला असता करवंदीची जाळी हिरवी दिसते, हा तिचा मोठाच गुण आहे. कारण मृगाचा पहिला पाऊस पडतो त्या वेळी बहुतेक जमीन उघडी असते, आणि वर्षातील सर्वांत घातक धूप त्याच वेळी होते. काटे बळकट, पुष्कळदा टोकास दुभंगलेले असतात. फुले पांढरी व सुवासिक; ती हिवाळा सरता सरता येऊ लागतात. फळे चैत्रात हिरवी, व वैशाख-ज्येष्ठात काळी-जांभळी होतात.

शास्त्रज्ञ हिला कॅरिसा म्हणतात. मोठ्या फळाची ती कॅरिसा कॅरँडस. आणि कोरड्या माळावर आढळणारी, लहान फळाची व ठेंगणी, ती कॅरिसा स्पिनॅरम. मोकळी वाढू दिल्यास मोठ्या जातीचे झाड दहा-बारा फुटांपर्यंत चढते. परंतु उघड्या माळावर वाऱ्याने, उन्हाने व चराईने ते कमरेइतकेच राहते आणि बाजूस पसरते. आपल्या कामास हीच सवय उपयोगी आहे. सह्याद्रीवर करवंदी जितकी विपुल आहे तितकी ती आपल्याकडे नाही, हे खरे. तथापि किनवट-माहूरच्या रानात व बालाघाटाच्या उतारांवर ती ओळखीची आहे. म्हणजे हे परदेशातून आणलेले झाड नव्हे. घाणेरी व वेडी बाभूळ ही परकी झुडपे आपल्या माळांवर कशी पसरली आणि त्यांनी गवतास कसे हुसकून लावले, हे आपण पाहतोच. करवंदी इथलीच असल्यामुळे येथील गवताशी, पक्ष्यांशी व झाडांशी तिचे जुने नाते आहे. ती मंद वाढते, मर्यादेत राहते. पुष्कळदा तिच्या काटेरी जाळीच्या पोटात पाखरांनी टाकलेल्या बियांपासून कडुनिंबाचे किंवा बोरीचे रोप गुरांच्या तोंडातून वाचून वर येते. अशा रीतीने ती पुढील झाडांची दाईही होते.

जमीन

करवंदीस हलकी, मुरमाड, दगडाळ, निचऱ्याची जमीन मानवते. चुनखडीचेही तिला विशेष वावडे नाही. उदगीर बाजूचा तांबडा जांभा, बालाघाटाचा काळा मुरूम, आणि देगलूर-बिलोलीकडील ग्रॅनाइटच्या खडकापासून झालेली रेताड जमीन, या सर्व ठिकाणी ती लावण्यास हरकत नाही. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. मांजरेच्या व गोदेच्या काठच्या खोल काळ्या जमिनीत, जेथे पावसाळ्यात पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, तेथे सखल जागी करवंदी लावू नये. मुळाशी पाणी साचणे तिला सोसत नाही. अशा शेतात ती बांधाच्या माथ्यावर किंवा उंच बगलेस लावावी. ज्या जागी दुसरे काही येत नाही ती जागा करवंदीस द्यावी, हा साधा नियम पाळल्यास चूक होणार नाही.

रोपे तयार करणे

छाट कलमे लावून करवंदी सहसा साधत नाही; पुष्कळ कांड्या मुळे न फुटताच वाळतात. गुटी कलम अथवा दाब कलम होते, परंतु मोठ्या संख्येने रोपे हवी असता बी हाच स्वस्त मार्ग आहे. मे अखेरीस ज्या जाळीस भरपूर व मोठी फळे धरली असतील, तिची पूर्ण पिकून काळी झालेली फळे निवडावी. गर चोळून बी वेगळे करावे, दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुवावे, सावलीत सुकवावे, व शक्य तितक्या लवकर पेरावे. करवंदीचे बी साठवणीस चांगले नव्हे. जुने होत जाईल तसतशी त्याची उगवण झपाट्याने घटते. सबब, यंदाचे बी यंदाच पेरावे.

माती, वाळू व कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात मिसळून पिशव्या भराव्या व प्रत्येकीत दोन बिया बोटाच्या अर्ध्या पेराइतक्या खोल टाकाव्या. उगवण दोन-तीन आठवड्यांत दिसू लागते. रोपे पहिल्या वर्षी फार हळू वाढतात, त्यामुळे कंटाळून दुर्लक्ष करू नये. हिवाळ्यात व उन्हाळ्यात तुराट्यांच्या मांडवाची विरळ सावली व बेताचे पाणी देऊन ती पुढील पावसाळ्यापर्यंत जपावी. एक वर्षाचे, वीत-दीड वीत उंचीचे रोप लावणीस योग्य समजावे. रानातून जुनी झुडपे खणून आणण्याच्या भरीस कोणी पडू नये. ती बहुधा जगत नाहीत, आणि एक जागा झाकण्यासाठी दुसरी उघडी करण्यात काही अर्थ नाही.

बियांपासून झालेली रोपे सर्व एकसारखी फळे देत नाहीत. ज्यांस फळांकडे विशेष लक्ष द्यावयाचे आहे त्यांनी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने निवडलेली ‘कोंकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात, किंवा पंतनगरच्या विद्यापीठाच्या ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’, ‘पंत सुवर्णा’ या जाती मागवाव्या. बांधासाठी व माळासाठी मात्र आपल्या परिसरातील जाळीचे बीच आम्हास अधिक पसंत आहे. जी आई आपल्या उन्हात जगली तिची लेकरे त्याच उन्हात जगण्याची आशा अधिक.

बांधावरील लागवड

उन्हाळ्यात बांधालगत दीड फूट रुंद व तितकाच खोल चर खणून ठेवावा. खणलेली माती उन्हात तापू द्यावी. पहिल्या पावसानंतर वरची माती व शेणखत मिसळून चर भरावा. वाफसा येताच दोन रांगांत, रांगांमध्ये दीड फूट व रोपांमध्ये अडीच फूट अंतर ठेवून, एका रांगेतील रोप दुसऱ्या रांगेतील दोन रोपांच्या मधोमध येईल अशा रीतीने लावणी करावी. चौरस एकराची एक बाजू सुमारे २०९ फूट असते. तिला दोन्ही रांगा मिळून १७० च्या सुमारास रोपे लागतील. निम्मे बी फुकट जाईल असे धरले, तरी शंभर-सव्वाशे पिकल्या फळांचे बी त्यास पुरते. म्हणजे बियांचा खर्च, एखाद्या पोराने दुपारभर रानात फिरून ओंजळ-दोन ओंजळी करवंदे आणली, एवढाच होय.

जागा किती जाते, हा प्रश्न लगेच विचारला जाईल. कुंपणाची रुंदी चार फूट धरली, तर एका बाजूस पाऊण गुंठ्याहून किंचित अधिक जमीन गुंतते. त्यातील पुष्कळशी बांधाचीच असते. शिवाय, जिवंत रांग एकदा रुजली की बांध कोणास कोरता येत नाही. भावाभावांत व शेजाऱ्याशेजाऱ्यांत बांधावरून जी भांडणे लागतात आणि जी पुढे मोजणी, वकील व कचेरी यांच्या दारापर्यंत जातात, त्यांचा खर्च पाऊण गुंठ्याच्या उत्पन्नाशी ताडून पाहावा. अर्थात, सामाईक बांधावर लावणी करण्यापूर्वी शेजाऱ्याची संमती घेणे व दोघांनी मिळून खर्च करणे हेच शहाणपणाचे. एकाने दुसऱ्याच्या पाठीमागे लावलेले कुंपण हे स्वतःच नव्या तंट्याचे बी ठरते.

बरड उतारावरील लागवड

माळावर लागवड करावयाची असता रांगा उताराच्या आडव्या, म्हणजे समपातळीवर, घ्याव्या. उतारावरून खाली सरळ रांगा घेतल्यास त्या पाण्यास वाट करून देतात. रोपांमध्ये तीन फूट व दोन रांगांमध्ये पंधरा ते वीस फूट अंतर ठेवावे, आणि मधल्या पट्ट्यात पवना, मारवेल, शेडा ही आपली गवते राखावी. करवंदी वाहते पाणी व कचरा अडविते, तिच्या वरच्या अंगास माती साचते, आणि त्या साचलेल्या मातीत गवत जोम धरते. काही वर्षांत प्रत्येक रांगेमागे एक लहानशी पायरी आपोआप बनते. फार तीव्र उतार किंवा ओढ्याची तुटलेली कड असेल, तेथे मात्र अंतर सर्व बाजूंनी पाच फूट धरून जमीन पूर्ण झाकून टाकावी. अशा लागवडीस एकरी सुमारे १,७०० ते १,८०० रोपे लागतात.

करवंदीची वाढ मंद असल्यामुळे पहिली दोन-तीन वर्षे माती अडविण्याचे काम तिच्याने होत नाही. त्या काळापुरती रांगेच्या खालच्या अंगास दगडांची ओळ रचावी, किंवा वाळ्याचे ठोंब लावावे. केवळ करवंदी लावून पहिल्याच पावसाळ्यात फळाची अपेक्षा करणारा मनुष्य निराश होईल. त्याने आरंभच करू नये.

निगा व छाटणी

पहिल्या दोन उन्हाळ्यांत पंधरा दिवसांनी तांब्या-दोन तांबे पाणी मिळाले तर बहुतेक रोपे तगतात. बुंध्याभोवती सपाट दगड मांडावे, अथवा सोयाबीनचे भुसकट अंथरावे. त्याने ओल टिकते. शेळ्यांना कोवळे शेंडे आवडतात, म्हणून दोन वर्षे त्यांस दूर ठेवावे. झाड एकदा काट्यावर आले, की गुरे त्याच्या वाटेस जात नाहीत.

जमिनीलगत दाट झुडूप हवे असेल, तर रोप हातभर उंच होताच त्याचा शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात. हीच क्रिया दोन-तीन वेळा केली असता झुडूप बुडापासून भरते. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात करवंदीची एक बहीण आहे; तिच्या बुटक्या, आडव्या पसरणाऱ्या जाती निवडून परदेशातील बागांमध्ये जमीन झाकण्यासाठी मुद्दाम लावतात. आपल्या करवंदीच्या अशा जाती तयार झालेल्या नाहीत. तेथे जे काम जातीने होते, ते येथे कात्रीने करावे लागते.

छाटणीचा काळ चुकवू नये. करवंदीची फुले फांदीच्या टोकाशी येतात. हिवाळ्यात शेंडे छाटले, तर त्या सालचा बहर छाटला गेला असे समजावे. फळे उतरल्यावर, पावसाच्या तोंडी छाटणी केली म्हणजे नवी फूट पावसाळ्यात तयार होते व तिच्यावर पुढचा बहर धरतो. दोन रांगांचे कुंपण असेल, तर एका वर्षी आतील व दुसऱ्या वर्षी बाहेरील रांग छाटावी. त्यामुळे कुंपणही आटोक्यात राहते व फळही अगदी बुडत नाही.

रोगकिडींचा उपद्रव अल्प आहे. कण्हेरीवर व तगरीवर येणारी मोठी हिरवी अळी कधी कधी हिची पाने खाते. ती हाताने वेचून टाकावी. खरा शत्रू वणवा होय. बांध जाळून स्वच्छ करण्याची जी वाईट चाल आहे, तीत चार वर्षांची मेहनत चार घटकांत राख होते. सुगी संपताच रांगेच्या दोन्ही बाजूंस हातभर पट्टा गवत कापून मोकळा ठेवावा.

फळ

लागवडीपासून तिसऱ्या वर्षी फळे दिसू लागतात. बागेत मोकळ्या वाढलेल्या चांगल्या झाडापासून तीन ते पाच किलो फळ मिळते. बांधावरील छाटलेल्या झुडपापासून तितके मिळणार नाही. तरी दर झुडपी किलोभरच धरले, तर १७० झुडपांचे दीडशे किलोंच्या वर फळ होते, आणि तेही ज्या जमिनीत एरवी काटे व बाटुक यांखेरीज काही नव्हते तेथे. शिवाय हे फळ येते वैशाखात, जेव्हा रब्बीची सुगी सरलेली असते, खरिपाचे बीभरण डोक्यावर असते आणि मजुरी मिळत नाही. किनवटकडील आंध, कोलाम, गोंड यांच्या बायका व मुले रानातली करवंदे पानांच्या द्रोणांतून बाजारी आणतात, ती याच दिवसांत. फळाच्या या वेळेची किंमत तराजूने मोजता येत नाही.

पिकलेले करवंद दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, हा त्याचा दोष होय. कच्चे फळ त्याहून अधिक दिवस राहते. म्हणून दूरच्या बाजारासाठी कच्चे, व गावच्या बाजारासाठी पिके, असा विभाग करावा. कच्च्या फळाचे लोणचे व चटणी होते. चीक जाण्यासाठी फळे चिरून मिठाच्या पाण्यात काही वेळ ठेवावी. अर्धवट पिकलेल्या फळात रस घट्ट करणारे द्रव्य भरपूर असल्यामुळे त्याची जेली उत्तम उतरते. पिक्या फळाचे सरबत होते. गावातील महिला बचत गटांनी हे काम हाती घेण्याजोगे आहे. त्यास मोठे यंत्र लागत नाही, फक्त स्वच्छता व नियमितपणा लागतो.

काही आक्षेप

करवंदीच्या जाळीत रानडुकरे लपतील, साप राहतील, असे कोणी म्हणतील. यात तथ्य आहे. म्हणून घराजवळ व गोठ्याजवळ रुंद जाळी वाढू देऊ नये, आणि पिकालगतचे कुंपण चार फुटांपलीकडे पसरू देऊ नये. रोही उडी मारून येईल व रानडुक्कर बुडाशी फट सापडल्यास घुसेल, हेही आम्ही मान्य करतो. करवंदी गुरे व शेळ्या अडविते. सर्व जनावरे अडविण्याचे वचन तिच्या वतीने आम्ही देत नाही. तथापि तारेचे कुंपणही असे वचन पाळीत नाही, आणि तार माती अडवीत नाही, फळ देत नाही, तुटली तर पुन्हा फुटत नाही.

दुसरा आक्षेप असा, की माळ व गायरान सर्वांचे. एकाने लावावे व दुसऱ्याने तोडावे, मग कष्ट कोणी करावे? यास उत्तर झाडांच्या शास्त्रात नाही, गावाच्या एकीत आहे. ग्रामसभेत ठराव करून, गायरानाचा एक तुकडा पाच वर्षे राखून, त्यातील गवत कापून नेण्याचा हक्क ज्या घरांनी लावणीस हात लावला त्यांना द्यावा. गवताचा लाभ पहिल्याच वर्षी मिळतो. त्या लाभाच्या आधारावर करवंदीस वाढण्यास अवधी सापडतो. लहान तुकड्यापासून आरंभ करावा. पाच एकर लावून सोडून देण्यापेक्षा पाच गुंठे राखून दाखविणे बरे.

उपसंहार

शेतकरी बंधूंनो, ही लागवड कोणास एका सालात श्रीमंत करणार नाही. सोयाबीनच्या भावाशी तिची तुलना करण्यातही हशील नाही. परंतु सोयाबीन ज्या मातीत येते ती माती जागेवर राहिली पाहिजे, एवढे तर सर्वांस मान्य आहे. येत्या मे महिन्यात आपापल्या परिसरातील एक चांगली जाळी हेरून ठेवावी, तिची शंभर फळे बियांसाठी राखावी, आणि मृगाच्या आगेमागे ती पिशव्यांत पेरावी. जागा निवडण्यास अद्याप वर्षभराचा अवकाश आहे. पहिल्या मोठ्या पावसात आपल्या शिवारातून गढूळ पाणी कोणत्या बांधावरून बाहेर पडते, ते तेथे उभे राहून पाहावे. पहिली रांग त्याच बांधावर लावावी.